टेबलावरचा तीनताल

(सीताबर्डीतील एका बँकेत शाखाधिकारी असलेल्या 47 वर्षांच्या वाचक लिहितात की नेतृत्व आणि संवादकौशल्याचे ऑनलाइन अभ्यासक्रम त्यांनी एकामागून एक पूर्ण केले, पती मात्र जिथल्या तिथे राहिले आणि आता दोघांत बोलण्यासारखे काही उरलेले नाही. शाखेतील कर्मचारीही हल्ली कामापुरतेच बोलतात. पतीला शिकण्याची गोडी कशी लावावी, असा त्यांचा प्रश्न आहे.)

तुमच्या चार पानी पत्रातले सर्वांत महत्त्वाचे वाक्य तुम्ही कंसात टाकले आहे: ‘रविवारी तेवढे शाळकरी मुलांच्या रांगेत तबला शिकायला बसतात आणि घरी जेवणाच्या टेबलावर बोटे बडवत राहतात.’ ज्यांना शिकण्याची गोडी लावायची आहे, ते हेच गृहस्थ ना?

नागपूरच्या मे महिन्यातही भल्या सकाळी प्रतापनगरहून महाल भागात जाऊन हा बावन्न वर्षांचा माणूस दहा-दहा वर्षांच्या मुलांशेजारी मांडी घालून बसतो, सर्वांदेखत चुकतो, गुरुजींची बोलणी खातो आणि पुढच्या रविवारी पुन्हा जातो. गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या ‘प्रारंभिक’ परीक्षेचा अर्ज त्यांनी भरला, हेही तुम्ही कळवले आहे, पण सोसायटीत हसे होईल या काळजीपोटी. मला विचाराल तर तुमच्या घरात विद्यार्थी एकच आहे आणि तो विद्यार्थी तुम्ही नाही.

तुमचे अभ्यासक्रम वाया गेले असे मी म्हणत नाही; परंतु त्यांपैकी एकात तरी ओळखीच्या माणसासमोर ‘मला हे येत नाही’ असे म्हणण्याची वेळ तुमच्यावर आली का? मोबाइलवर व्हिडिओ पाहायचा, प्रश्नांच्या पर्यायांवर खुणा करायच्या आणि प्रमाणपत्र उतरवून घ्यायचे, यात चूक झालीच तर ती चारचौघांत जात नाही. शाखेतील अबोल्याचे मूळही मला इथेच दिसते. एमी एडमंडसन या अमेरिकी संशोधिकेने एका उत्पादन कंपनीतील 51 गटांचा अभ्यास करून 1999 मध्ये जे मांडले, त्याचा मथितार्थ असा, की चूक कबूल करायला आणि प्रश्न विचारायला जिथे भीती वाटत नाही, तिथेच माणसे एकत्र शिकतात. तुम्ही बैठकीत नवे शिकलेले ऐकवता आणि समोरचे खाली माना घालतात, असे तुम्हीच लिहिले आहे. अहो, ज्या साहेबांना कधीच काही विचारावे लागत नाही, त्यांच्याकडे चुकलेली नोंद घेऊन कोण येईल?

पतीला आज काहीही सुचवू नका. रात्रीच्या जेवणानंतर त्यांच्यासमोर बसा आणि ‘मला तीनताल शिकवा’ एवढेच म्हणा. सोळा मात्रा, चार-चारांचे चार विभाग, पहिल्या, पाचव्या आणि तेराव्या मात्रेवर टाळी, नवव्या मात्रेवर ‘खाली’, म्हणजे टाळीविना जाणारी मात्रा. कागदावर हे दोन मिनिटांत समजते. हाताने टाळी देत ‘धा धिं धिं धा’ म्हणू लागलात, की नवव्या मात्रेवर टाळी न देता हात बाजूला न्यायचा हे तुम्ही विसराल आणि ते तुम्हाला थांबवतील. त्या वेळी ‘हो, पण’ म्हणायचे नाही, व्हिडिओ शोधायचा नाही आणि त्यांनी कसे शिकवावे हेही सांगायचे नाही. ठेका हातात बसेपर्यंत रोज बसा. बोलणे तालापुरतेच राहिले तरी चालेल.