‘एवढं जरा करून द्या ना’

‘क्लायंट ठरल्यापेक्षा जास्त काम सांगत राहतो. नाही म्हटलं तर काम हातचं जाईल, हो म्हटलं तर मनातून चिडचिड. काय करू?’ फ्रीलान्स काम करणारे बरेच जण माझ्याकडे समुपदेशनाला येतात, त्यांचा खरा प्रश्न हा असतो. तक्रार आधी झोप लागत नसल्याची असते. हे मागाहून निघतं.

अशाच एका डिझायनरची गोष्ट सांगते. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत. ठरलं होतं लोगो आणि माहितीपत्रक. मग ‘लोगो आहेच तर व्हिजिटिंग कार्ड’, पुढे लेटरहेड आणि आता सोशल मीडियाच्या पोस्ट आणि एक बॅनर. ‘मला गृहीत धरतोय तो,’ ती तळमळून म्हणाली.

मी तिला दोघांचे मेसेज वाचून दाखवायला सांगितले. तिची उत्तरं अशी: ‘हो, पाठवते.’ ‘झालं, बघून घ्या.’ सोबत हसरा चेहरा. हे काम ठरल्याबाहेरचं आहे, असं एकदाही कुठे नव्हतं. एका कार्डामागे किती तास जातात हे क्लायंटला कसं कळणार? हरकत आली नाही, म्हणजे सगळं त्याच पैशांत, असं तो धरून चालतो. जाणूनबुजून ताणणारेही असतात. पण समोरचा यातला कोणता, हे बोलल्याशिवाय उमगत नाही.

मग उत्तर लिहायला घेतलं. तिच्या पहिल्या मसुद्यात दोनदा ‘सॉरी’, तब्येतीचं कारण, दुसऱ्या कामाची गडबड. कारण दिलं की समोरचा त्यावर तोडगा काढतो: ‘मग पुढच्या आठवड्यात द्या.’ खोडत खोडत उरलं ते एवढं: ‘हो, करता येईल. हे आपल्या ठरलेल्या कामात नाही, त्यामुळे याचे वेगळे पैसे होतील आणि चार दिवस जास्त लागतील. दर सोबत दिला आहे. चालेल असं कळवलंत की सुरू करते.’ यात नकार कुठेच नाही. आता ठरवायचं त्याने.

एखादं काम मनापासून फुकट करावंसं वाटलं तर जरूर करा, पण बिलात त्याची रक्कम लिहून पुढे ‘सवलत’ म्हणून वजा दाखवा. आणि आपलीच चूक दुरुस्त करणं हे जादा काम नव्हे, त्याचे पैसे मागू नका. पुढच्या कोटेशनमध्ये मात्र बदलांच्या किती फेऱ्या, मूळ फाइल मिळणार की नाही, हे आधीच लिहा.

मेसेज पाठवताना तिचे हात गार पडले होते. क्लायंटने पोस्टचे पैसे मान्य केले आणि ‘बॅनर राहू द्या’ म्हणाला. काम गेलं नाही. फोनवर मात्र अजूनही तिच्या तोंडून पटकन ‘हो’ निघतं. म्हणून सध्या फोनवर ती एवढंच म्हणते: ‘लिहून पाठवा, बघून सांगते.’