पुण्याहून सहा महिन्यांसाठी जर्मनीतल्या हर्झोगेनआउराखला जायचंय. गाव कसं आहे?

आधी ते लांबलचक नाव सोडा. तिथले लोकसुद्धा नुसतं 'हर्झो' म्हणतात. न्यूरेंबर्गपासून वीसेक किलोमीटरवर, आउराख नदीच्या काठी, वस्ती साधारण 24,000. एवढ्याशा गावात आदिदास, प्यूमा आणि बेअरिंग बनवणारी शेफलर अशा तिघांची मुख्यालयं! पुण्याहून चाललाय म्हणजे बहुतेक शेफलरकडेच. मीही त्यांच्या तळेगावच्या कारखान्यातून तसाच गेलो होतो.

गावाचा पहिला उल्लेख 1002 सालचा. जुन्या तटबंदीचे दोन मनोरे अजून उभे आहेत, मध्ये लाकडी चौकटींची घरं. पण अर्ध्या तासात सगळं पाहून होतं.

मूळ धंदा विणकामाचा. यंत्रांपुढे तो बसला, तेव्हा लोक फेल्टच्या सपाता शिवायला लागले. डासलर बंधू त्याच वातावरणातले. आईच्या धुणं धुवायच्या खोलीत त्यांनी बूट शिवायला सुरुवात केली, 1924 मध्ये कंपनी काढली, आणि 1948 च्या सुमारास असे भांडले की नदीच्या दोन काठांना दोन कारखाने झाले. थोरल्याची प्यूमा, धाकट्याचं आदिदास. बोलण्याआधी समोरच्याच्या पायांत कुणाचे बूट आहेत ते बघायचं, अशी गावाची ख्याती. दोघांना पुरलंय एकाच दफनभूमीत, पण दोन टोकांना.

ही गोष्ट तुम्हाला जो भेटेल तो ऐकवेल. मला विचाराल तर तिसरी कंपनी जास्त भारी. तीही दोन भावांचीच, पण हे भांडले नाहीत. 1946 मध्ये शेफलर बंधू इथे लाकडी हातगाड्या बनवत होते. नीडल बेअरिंग म्हणजे गोळ्यांऐवजी सुयांसारखे बारीक रोलर असलेलं बेअरिंग; त्यातल्या या सुया फिरताना एकमेकींना घासायच्या, तिरक्या व्हायच्या. 1949 मध्ये गेऑर्ग शेफलरनी प्रत्येक सुईला आपापलं घर देणारा पिंजरा काढला. पुढे मोटारींच्या गिअरबॉक्समध्ये तो जाऊन बसला. आपण शॉपफ्लोअरवर 'केज' म्हणतो तोच हा, पण गावात त्याचं कौतुक बुटांच्या निम्मंही नाही.

आता कामाचं. गावात प्रवासी रेल्वे नाही, 1984 लाच बंद झाली; बसवर भिस्त. रविवारी दुकानं बंद, तेव्हा दूध-ब्रेड शनिवारीच आणून ठेवा. मासे खात असाल तर सप्टेंबर ते एप्रिलमध्ये तळलेला कार्प मिळतो, अख्खा अर्धा मासा ताटाबाहेर लोंबत येतो. काटे फार, पण आपल्याला त्याचं काय!

खोली जमल्यास दहा किलोमीटरवरच्या एर्लांगेनला बघा. विद्यापीठाचं शहर आहे, संध्याकाळी चार माणसं तरी दिसतात.