आईसाठी ज्येष्ठ निवास कसा पारखावा?

प्रश्न : माझी आई ७९ वर्षांची असून वडिलांच्या पश्चात डोंबिवलीला एकटी राहते. खुब्याच्या ऑपरेशननंतर ती वॉकर घेऊन घरातल्या घरात चालते. मात्र आंघोळीला आणि रात्री उठताना तिला मदत लागते. मधुमेहासाठी इन्सुलिन सुरू आहे आणि अलीकडे ती एकच गोष्ट पुनःपुन्हा विचारते. ब्युरोतून येणाऱ्या बाया सतत बदलतात. भाऊ परदेशी आहे. मी नाशिकला नोकरी करते आणि आमच्या तिसऱ्या मजल्यावरच्या घराला लिफ्ट नाही. आम्ही असिस्टेड लिव्हिंगच्या, म्हणजे रोजच्या कामांत मदत मिळणाऱ्या ज्येष्ठ निवासांच्या, दोन जागा पाहिल्या. पुण्याबाहेरची अतिशय देखणी आहे, बाग आणि ग्रंथालयही आहे, पण डिपॉझिट मोठे आहे. दुसरी नाशिकमध्येच आहे. तिची इमारत जुनी आणि साधी आहे. दोन्हीकडचे व्यवस्थापक छान बोलले. दर्जा नेमका कशावरून ओळखावा? – एक वाचक, नाशिक

उत्तर : आपण दोन्ही जागा आईची आजची प्रकृती डोळ्यांसमोर ठेवून पाहिल्या असतील, आणि ते स्वाभाविकच आहे. परंतु आपल्या वर्णनावरून आईची मदतीची गरज येत्या काही वर्षांत वाढेल असे दिसते. म्हणून बागेत फिरणाऱ्या, गप्पा मारणाऱ्या रहिवाशांना भेटून झाल्यावर त्या निवासातील सर्वांत परावलंबी व्यक्तीची काळजी कशी घेतली जाते, हे पाहण्याचा आग्रह धरा. माझ्या मते हीच दर्जाची खरी कसोटी आहे. कोणाच्या खोलीत शिरायचे तर त्या व्यक्तीची किंवा तिच्या घरच्यांची परवानगी हवीच. पण भोजनगृहात बसायला कोणाची हरकत नसावी.

शक्य असेल तर दुपारी जेवणाच्या वेळेस जा आणि ज्यांना हाताने भरवावे लागते त्यांच्याजवळ थोडा वेळ बसा. भरवणारी मावशी समोर खुर्ची घेऊन बसली आहे की उभ्या उभ्या घास कोंबते आहे? पहिला घास गिळला गेल्याची खात्री करून ती दुसरा देते का? आजींना पाठीला आधार देऊन ताठ बसवले आहे का? आडवे ठेवून भरवल्यास अन्न श्वासनलिकेत जाऊन न्यूमोनिया होऊ शकतो, त्यामुळे ही केवळ मायेची बाब नाही. कवळी तोंडात आहे की कपाटात, श्रवणयंत्राची बॅटरी चालू आहे का, नखे कापलेली आहेत का, या गोष्टीही तिथेच दिसतात. जे अंथरुणाला खिळले आहेत त्यांची कूस साधारण दर दोन तासांनी बदलावी लागते; तशी लेखी नोंद ठेवली जाते का आणि सध्या कोणाला शय्याव्रण (सतत पडून राहिल्याने होणारी जखम) आहे का, हे सिस्टरना थेट विचारा. शय्याव्रण काळजी घेऊनही कधीकधी होते, पण त्याबद्दल बोलायलाच तयार नसलेल्या ठिकाणी मी माझ्या माणसाला ठेवणार नाही.

दुसरा प्रश्न रात्रीचा. दिवसा किती कर्मचारी आहेत हे सगळेच सांगतात. रात्री दहा ते सकाळी सहा या वेळात एका मजल्यावर किती रहिवासी असतात, त्यांच्यासाठी जागे असणारे किती जण असतात आणि त्यांतली प्रशिक्षित परिचारिका किती, हे आकड्यांत विचारा. आपल्या आईंना रात्री उठताना मदत लागते. मावशी यायला उशीर झाला तर आई एकट्याच उठतील आणि पडू शकतील. खोलीतली घंटा स्वतः दाबून पाहा. मावशी किती काळापासून तिथे काम करतात हेही व्यवस्थापकांना न विचारता मावशींनाच विचारा. ब्युरोच्या बाया बदलतात म्हणून आपण घर सोडण्याचा विचार करत आहात. तीच अदलाबदल तिथेही असेल तर आईंना रोज नव्या माणसाकडून अंग धुऊन घ्यावे लागेल, आणि विस्मरण सुरू झालेल्या व्यक्तीला त्याचा फार त्रास होतो.

इन्सुलिन कोण टोचते आणि त्यानंतर जेवण किती वेळात मिळते, याची चौकशी अवश्य करा. जेवणाला उशीर झाल्यास साखर उतरते, घाम फुटतो, हात थरथरतात आणि माणूस गोंधळतो. आधीच विसराळू असलेल्या व्यक्तीचा गोंधळ ‘वयाचा’ समजून सोडून दिला जाण्याचा धोका असतो. संध्याकाळी अस्वस्थ होणाऱ्या, घरी जायचे म्हणणाऱ्या रहिवाशांना तिथे कसे सांभाळतात, हेही विचारा. झोपेचे औषध देऊन किंवा खाटेला हात बांधून गप्प बसवणे ही काळजी नव्हे.

बांधकामाबाबत थोडक्यात. महारेराने, म्हणजे महाराष्ट्राच्या स्थावर संपदा नियामक प्राधिकरणाने, २०२४ मध्ये ज्येष्ठांच्या गृहप्रकल्पांसाठी मार्गदर्शक तत्त्वे दिली आहेत. त्यांत किमान ९०० मिलिमीटर रुंदीचे दार, जिन्याला दोन्ही बाजूंना कठडे, एका टप्प्यात १२ हून अधिक पायऱ्या नसणे अशा अपेक्षा आहेत. हे मोजमाप आपण जुन्या इमारतीलाही लावून पाहू शकता. मात्र महारेरा घराच्या बांधकाम-विक्रीकडे पाहते. तिथे रोज मिळणाऱ्या सेवेचा दर्जा ती तपासत नाही, त्यामुळे महारेराचा नोंदणी क्रमांक हा काळजीचा दाखला समजू नये.

२००७ च्या आई-वडील आणि ज्येष्ठ नागरिक निर्वाह व कल्याण कायद्याने प्रत्येक जिल्ह्यात निराधार ज्येष्ठांसाठी वृद्धाश्रम उभारण्याची तरतूद केली. परंतु आपण पाहत आहात तशा सशुल्क निवासांच्या सेवेचे मापदंड त्यात बांधलेले नाहीत. म्हणून करारनामा हाच आपला मुख्य आधार आहे. डिपॉझिटमधून काय कापले जाईल, ते किती दिवसांत परत मिळेल, शुल्क दरवर्षी किती वाढू शकते, डायपर, फिजिओथेरपी आणि रुग्णालयात सोबतीला माणूस यांचे पैसे वेगळे आहेत का, हे सर्व लेखी घ्या. सर्वांत महत्त्वाचे कलम ‘आईंना घेऊन जा’ असे संस्था कोणत्या स्थितीत सांगू शकते, याचे असते. ‘प्रकृती बिघडल्यास’ एवढ्या मोघम शब्दांवर सही करू नका. सेवेत त्रुटी आढळल्यास ग्राहक आयोगाकडे दाद मागता येते आणि १४५६७ या ज्येष्ठांच्या राष्ट्रीय हेल्पलाइनवर मार्गदर्शन मिळते.

दोन्ही जागा वरील बाबतींत साधारण सारख्या ठरल्या, तर मी निःसंकोचपणे नाशिकची निवडेन. आपण नोकरीवरून परतताना, न कळवता, आठवड्यातून दोनदा जाऊन आईंजवळ बसू शकाल, हे कोणत्याही ग्रंथालयापेक्षा मोलाचे आहे. ज्यांच्याकडे घरचे माणूस कधीही येते त्यांच्याकडे कर्मचाऱ्यांचे लक्ष अधिक राहते, हा सर्वत्रचा अनुभव आहे. भेटीला ठरावीक वारच देणाऱ्या निवासाला त्याचे कारण विचारा.

आईंचे मत आपल्या पत्रात कुठे आलेले नाही. त्यांना दोन्हीकडे किमान एकदा जेवायला घेऊन जा आणि नंतर महिनाभर तात्पुरत्या मुक्कामाची सोय मागा. बरीच निवासे ती देतात. डोंबिवलीचे घर तोवर विकू नका किंवा भाड्यानेही देऊ नका, म्हणजे त्यांनी नाही म्हटले तर परतायला स्वतःचे दार असेल.