कोप्या पडायच्या आधी हे वाच

प्रिय बाळ,

मेसेज वाचला. साखर कारखान्याच्या पट्ट्यातली अंगणवाडी मिळाली, ऑर्डर हातात पडली आणि "माझ्याकडे सगळ्या मुलांना सारखं वागवणार" असं लिहिलंयस, छान वाटलं. पण दिवाळीच्या आगेमागे बीडकडनं ऊसतोडीची माणसं यायला लागतील, गावाबाहेर त्यांच्या कोप्या, म्हणजे तात्पुरत्या झोपड्या, पडतील, आणि खरी परीक्षा तेव्हा आहे, म्हणून आत्ताच लिहितेय.

ती पोरं आपणहून येणार नाहीत, हे पक्कं धरून चाल. आईबाप पहाटेच उसाच्या फडात, धाकटं बरोबर नाहीतर कोपीवर, आणि त्याला सांभाळायला सात-आठ वर्षांची बहीण, म्हणजे एकाची अंगणवाडी आणि एकीची शाळा एकाच वेळी बुडते. तू दार उघडं ठेवून बसलीस की कागदावर तुझं सगळं बरोबर, पोरं मात्र फडातच. बालशिक्षणाचं काम करणाऱ्या ताराबाई मोडक आणि अनुताई वाघांनी १९४५ साली डहाणूजवळ बोर्डीला काम सुरू केलं तेव्हाही वस्तीवरची मुलं बालवाडीत येईनात, मग त्यांनी बालवाडीच वस्तीवर नेली, आणि पुढे कोसबाडला गुरं राखणाऱ्या आदिवासी मुलांसाठी कुरणशाळा काढली. आपल्या अंगणवाड्या ज्यातनं चालतात ती सरकारची एकात्मिक बालविकास योजना आली २ ऑक्टोबर १९७५ ला, म्हणजे तब्बल तीस वर्षांनी! तर तूही जा. संध्याकाळी जा, दुपारी कोपीवर मोठं माणूस सापडत नाही. आधी मुकादमाशी, म्हणजे टोळी आणणाऱ्याशी बोल, आवडो न आवडो, उचल (आगाऊ पैसे) त्याच्याकडनं घेतलेली असते त्यामुळे त्याने मान हलवली की पुढचं सोपं जातं.

आधार नाही, इथले नाहीत, असं कोणीतरी म्हणणारच. आईकडनं तिच्या गावच्या सेविकेचा नंबर घे, पोषण ट्रॅकर या अंगणवाडीच्या अ‍ॅपवर स्थलांतराची नोंद करता येते, त्यासाठी सुपरवायझर मॅडमच्या मागे लागावं लागलं तर लाग. आणि हंगाम संपून परत निघाले की वजन-उंची लिहिलेला कागद आईच्या हातात दे.

आता खेळाचं सांगते, कारण ट्रेनिंगमध्ये हे कोणी बोलत नाही. माझ्याकडे कोपीवरची एक चार वर्षांची पोरगी होती, भातुकलीला हात लावायची नाही. खराट्याच्या काड्या गोळा करायची, चिंधीने आवळून मोळी बांधायची, डोक्यावर घेऊन भिंतीपर्यंत न्यायची, तिथे विटा मांडून ट्रॅक्टर केलेला, आणि प्रत्येक मोळी टाकताना मोठ्याने मोजायची, वीसपर्यंत, न चुकता. मदतनीस म्हणाल्या अगं हे काय खेळणं झालं, घर-घर खेळ की. मी म्हटलं राहू द्या मावशी, गाठ मारतेय, मोजतेय, मोळी सुटली तर परत बांधतेय, आपल्या चार्टवर दुसरं काय लिहिलंय? दोन दिवसांत गावातली दोन पोरं तिच्या हाताखाली मोळ्या वाहत होती. बंगला, गाडी आणि डॉक्टरचा सेट एवढंच खेळण्यात ठेवलंस तर अर्ध्या पोरांना आपलं घर तिथे कुठे दिसणारच नाही.

बोलण्याचंही तेच. एखादं "का?" ऐवजी "कामून?" म्हणेल आणि बाकीचे फिदीफिदी हसतील, तेव्हा तूच दिवसातनं दोनदा "कामून रे?" विचार, हसणं आपोआप बंद होतं. लमाणांची पोरं आली तर त्यांचं एखादं गाणं आईकडनं शिकून घे, बडबडगीतं आपलीच हवीत असं कुठे लिहिलंय.

शहरात काय वेगळं आहे म्हणा. आरटीईच्या, म्हणजे शिक्षण हक्क कायद्यातल्या गरीब मुलांसाठी राखीव २५ टक्क्यांतनं पोरगं मोठ्या शाळेत जातं आणि मग वर्गात वाढदिवसाला महागडी गिफ्टं वाटतात, तिथे त्याची आई काय करणार? आणि मुळात तो २००९ चा कायदा हक्क देतो सहा वर्षांपासनं, तीन ते सहाचं राज्यांवर सोपवून मोकळा होतो. २०२० च्या शिक्षण धोरणात तीन ते आठ हा एकच पायाभूत टप्पा धरलाय, त्यामुळे मला आशा आहे, की तुझ्या नोकरीच्या काळात तरी बालवाडी ही पोराचा हक्क होईल आणि कोपीवरच्यालाही तो लागू होईल. माझ्या काळात काही झालं नाही.

गावातले पालक म्हणतील ती पोरं आमच्या पोरांशेजारी नकोत, उवा होतील. उवा कोणालाही होतात, सगळ्यांचीच डोकी तपास, फक्त त्यांची नको. खिचडी वाढताना त्यांना शेवटी बसवलं जातंय का ते बघ, डाव मावशींच्या हातात असतो आणि मावशी गावातल्याच, त्यामुळे त्यांना आधी आपल्या बाजूला घे. आणि पालकांची मीटिंग दिवाळीच्या आधीच उरकून टाक, पोरं आल्यावर बोलावलीस तर ती मीटिंग राहत नाही, भांडण होतं.

पहिला पगार वेळेवर येणार नाही, उधारीची सोय बघून ठेव.

तुझी,
ताई