स्नायू, मांसपेशी आणि भक्षक पेशी

मालवणच्या एका ताईंचा प्रश्न आहे. रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मासेमारीचं मोठं जाळं, ओढताना त्यांच्या भावाच्या पोटरीचा स्नायू फाटला. व्यायामाच्या कागदावर त्याला एक वाक्य छापून मिळालं : 'भक्षक पेशी मांसपेशी दुरुस्त करतात.' ताई विचारतात, या दोन पेशी एकच का? आणि भक्षक कुठे दुरुस्ती करतो?

'मांसपेशी' आजच्या मराठीत आली ती हिंदीतून. हिंदीत शरीरातल्या सूक्ष्म घटकाला 'कोशिका' म्हणतात, म्हणून तिथे घोळ होत नाही. आपण त्या घटकालाच 'पेशी' म्हणतो, तेव्हा पोटरीत फाटला तो 'स्नायू'च म्हणावा. संस्कृतात मात्र उलटं होतं. सुश्रुतसंहितेत 500 पेशी आणि 900 स्नायू मोजले आहेत. तिथे पेशी म्हणजे मांसाचा गोळा, आणि स्नायू म्हणजे सांधे बांधून धरणारे तंतू. आपण घरात 'पोटरीचा गोळा' म्हणतो तो सुश्रुताच्या पेशीला किती जवळ आहे बघा! तरी आज जुना अर्थ परत आणायचा हट्ट मी धरणार नाही, रुग्णाला कळणं जास्त महत्त्वाचं.

'भक्षक'चं मूळ समुद्रकाठीच आहे. 1882 साली सिसिलीतल्या मेसिना इथे रशियन प्राणिशास्त्रज्ञ मेचनिकॉफ यांनी तारामाशाच्या पारदर्शक डिंभकात, म्हणजे अळीसारख्या पिल्लात, गुलाबाचा काटा रुतवला. सकाळी पाहतात तो काट्याभोवती पेशींचा गराडा. परकं ते गिळणाऱ्या अशा पेशींना ग्रीक 'खाणे'वरून 'फॅगोसाइट' नाव पडलं. त्यांतल्या मोठ्या त्या मॅक्रोफेज. 'भक्षक' हे त्याचंच मराठी, आणि नाव म्हणून चांगलं आहे. फक्त ते निम्मंच काम सांगतं.

स्नायू फाटला की काही तासांतच न्यूट्रोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी धावून येतात, मागोमाग मॅक्रोफेज. ते मेलेले तंतू खाऊन जागा मोकळी करतात आणि तंतूंना चिकटून निजलेल्या राखीव पेशींना वाढायला लावतात. पुढच्या काही दिवसांत मॅक्रोफेजचा स्वभावच पालटतो : दाह शमवायचा, आणि वाढलेल्या पेशी एकमेकींत मिसळून नवे तंतू तयार होतील असे संकेत सोडायचे. उंदरांमधले मॅक्रोफेज काढून टाकले तेव्हा त्यांचे स्नायू नीट भरून आले नाहीत.

त्या राखीव पेशींना इंग्रजीवरून 'उपग्रह पेशी' म्हणतात, ते मला पटत नाही. त्या कशाभोवती फिरत नाहीत, तंतूला बिलगून असतात. 'सोबती पेशी' म्हटलं तर चित्र लगेच डोळ्यांसमोर येतं.

तेव्हा ताई, कागदावरचं वाक्य मी असं लिहिलं असतं : 'भक्षक पेशी फाटलेल्या स्नायूतली मोडतोड आधी उपसतात, मग सोबती पेशींकडून तो नव्याने विणून घेतात.'