वाचक विचारतात : जेलमधले भैया आणि त्यांची माणसं

(आमचे काका नोकरीची बहुतेक वर्षं जेलखात्यात होते, आता इंदूरलाच असतात. या वेळी तीन पत्रं एकाच विषयावरची आली म्हणून एकत्र घेतलीत.)

प्रश्न : काका नमस्कार. माझा धाकटा मुलगा, वय २२, मारामारीच्या केसमधे तीन महिने झाले आत आहे. कुठल्या जेलमधे ते लिहीत नाही. मागच्या मिलाईला (जेलमधल्या भेटीला) म्हणाला आई काळजी करू नको, इथे एक भैया आहेत, त्यांनी पंख्याखाली झोपायला जागा दिली, साबण तेल सगळं तेच बघतात. मला जरा बरं वाटलं. पण परवा एका अनोळखी मुलाचा फोन आला, भैयांसाठी पाच हजार या नंबरवर टाका. टाकू का? माझा मुलगा गँगमधे गेलाय का हो?
— एक आई, इंदूर

उत्तर : ताई, पैसे टाकू नका, पण फोनवर त्या मुलाशी भांडूही नका, कारण राग तुमच्या मुलावर निघेल. नंबर, तारीख, तो काय बोलला ते वहीत लिहून ठेवा. आणि मिलाईच्या खिडकीवर हा विषय काढू नका, तिथे बाजूला उभे असलेले सगळे ऐकत असतात.

आता तुमचा खरा प्रश्न. जेलमधे गँगची सुरुवात बहुतेक वेळा अशाच साबण-तेलाने होते. नवीन पोरगा येतो, घाबरलेला असतो, बैरकमधे पाय पसरायला जागा नसते, २०२२ च्या शेवटी देशभरातल्या जेलांमधे शंभराच्या जागेत सरासरी १३१ माणसं होती आणि त्यातले चारात तीन तुमच्या मुलासारखे, केस अजून चालूच असलेले. अशा वेळी जो कोणी जागा देतो, चोरून घरी फोन लावून देतो तो देवासारखा वाटतो, मग महिन्याभरात हिशोब निघतो आणि तो पैशात नाही फिटला तर कामात फेडायचा, कुणाला तरी निरोप पोचव, कुणाचा तरी फोन तुझ्या गादीत लपव, आणि शेवटी कुणाला तरी मार. तुमचा मुलगा माझ्या मते अजून पहिल्या पायरीवर आहे. उपकाराखाली दबलेल्या पोराला मी गँगमेंबर म्हणणार नाही, आणि जेलवाल्यांनीही म्हणू नये, कारण एकदा रजिस्टरला तसा शेरा पडला की तो खरोखरच तिकडे ढकलला जातो. हे मी डोळ्यांनी पाहिलंय, अजून टोचतं.

लगेच करायचं ते असं. वकिलाकडून कोर्टात अर्ज द्या, बैरक बदलून सुरक्षित जागी ठेवावं म्हणून, आणि त्यात भैयाचं नाव नको, जिवाला धोका आहे एवढं पुरे. वकील परवडत नसेल तर जिल्हा विधिक सेवा प्राधिकरणात जा किंवा १५१०० ला फोन करा, फुकट आहे, त्यांचे वकील जेलमधेही जातात. पेशीच्या म्हणजे कोर्टातल्या तारखेच्या वेळी, व्हिडिओवर असली तरी, मुलगा स्वतः जजसाहेबांना सांगू शकतो. आणि जामिनाचं मागे लागा ताई, तोच खरा उपाय. पहिलाच गुन्हा असेल, दुसरी केस नसेल आणि कलम जन्मठेप-फाशीचं नसेल तर जास्तीत जास्त शिक्षेचा एक तृतीयांश काळ आत काढल्यावर नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४७९ खाली सुटका मागता येते, पण तोपर्यंत थांबायची गरज नाही, साध्या जामिनाचा अर्ज आजच टाका.

प्रश्न : सगळ्या गँगवाल्यांना एकाच कडक जेलमधे एकेकटं का नाही कोंडून ठेवत? विषयच संपेल.
— लॉचा विद्यार्थी, ग्वाल्हेर

उत्तर : तुझ्या वयात मलाही असंच वाटायचं. अमेरिकेत टेक्सासमधे पूर्वी स्टाफ कमी म्हणून दांडग्या कैद्यांनाच बाकीच्यांवर नेमायचे, कोर्टाने ते बंद करायला लावलं, पण त्या जागी पुरेसे गार्ड वेळेत आले नाहीत आणि मोकळी झालेली सत्ता गँगांनी घेतली, १९८४-८५ या दोन वर्षांत ५२ कैदी मारले गेले. मग गँगवाल्यांना वेगळं कोंडलं तेव्हा खून कमी झाले, हे खरंच आहे. पण कॅलिफोर्नियाने तेच वर्षानुवर्षं केलं, नुसता गँगशी संबंध आहे म्हणून माणूस दहा-दहा वर्षं एकटा, बाहेर पडायचा रस्ता एकच, दुसऱ्यांची नावं सांग, आणि नावं सांगितली की घरच्यांच्या जिवावर. २०१३ मधे तिथे सुमारे तीस हजार कैद्यांनी जेवण सोडलं, त्यात एकमेकांच्या जिवावर उठलेल्या गँगांचे लोक एकत्र होते. २०१५ च्या समझोत्यात सरकारला मान्य करावं लागलं की नुसत्या संबंधावरून बेमुदत एकांतवास देणार नाही, आत काय केलं ते बघून देऊ. ब्राझीलची पीसीसी नावाची मोठी गँग तर जेलमधेच जन्मली, १९९३ मधे, कारांदिरू जेलमधे पोलिसांनी १११ कैदी मारले त्याच्या दुसऱ्या वर्षी. तिचे म्होरके लांबच्या राज्यांतल्या जेलांत पाठवले तर तिकडेही शाखा उभ्या राहिल्या.

आणि वेगळं ठेवणं म्हणजे काय ते आपल्याकडे बघ. मे २०२३ मधे तिहारमधे टिल्लू ताजपुरिया या गँगच्या म्होरक्याला मारलं ना, मारणारे त्याच वॉर्डात वरच्या मजल्यावर होते, लोखंडी जाळी कापून चादरी बांधून खाली उतरले. म्हणजे कागदावर वेगळे, प्रत्यक्षात एक मजला. अबू सालेमवर आर्थर रोडमधे २०१० ला हल्ला झाला म्हणून तळोज्याला हलवला, तिथे २०१३ ला गोळी झाडली गेली, पिस्तूल आत पोचलं कसं हा प्रश्न जेल बदलून सुटत नाही. मोठ्या म्होरक्याला वेगळं ठेवावंच लागतं, मी नाही म्हणत नाही. पण खालच्या पोरांना जागा, फोन, सुरक्षा सरकारकडून मिळाली तर म्होरक्याकडे विकायला काही उरत नाही, आणि यावर आपण फार कमी खर्च करतो याचं मला मनापासून वाईट वाटतं.

प्रश्न : काका, माझी जेल प्रहरी (जेलचा गार्ड) म्हणून निवड झालीये. गँगचे लोक ओळखायचे कसे? सीनियर म्हणतात आडनाव आणि टॅटू बघ.
— एक वाचक, इंदूर

उत्तर : अभिनंदन बाळा. आडनावाचं डोक्यातून काढ, जातीवरून बैरक आणि कामं वाटणं सुप्रीम कोर्टाने ३ ऑक्टोबर २०२४ ला घटनाबाह्य ठरवलंय, आणि तसंही आडनावावरून वेगळी केलेली बैरक म्हणजे आयती गँग. टॅटू लिहून ठेव पण तो जुन्या प्रेमाचाही असतो. वागणं बघ. एकच माणूस चार वेगवेगळ्या बंद्यांच्या मिलाईला येतो का, नात्यात नसलेला कुणी कुणाच्या कॅन्टीनच्या खात्यात पैसे टाकतो का, कोण स्वतःची चांगली जागा अचानक सोडतो, कोण कामाला आणि अंगणात यायचं बंद करतो, मारामारी झाल्यावर कुठल्या बैरकमधे एकालाही काही दिसलेलं नसतं. हे तारीख-वार लिही, एका खबऱ्यावर कधीच विसंबू नको, खबरी आपली दुश्मनी काढतो.

ते लोक तुलाही ओळखून घेतील. बहिणीच्या लग्नाला मदत, गाडीचा हप्ता, असं काहीतरी येईल, अगदी प्रेमाने येईल. पहिल्यांदा येईल त्याच दिवशी जेलरसाहेबांना लेखी कळव आणि कॉपीवर सही घे.