नाशिकमध्ये प्रौढ बौद्धिक दिव्यांगांचं निवासी गृह सुरू करतोय. व्यवस्थापक म्हणून सगळ्यात जास्त लक्ष कशाकडे द्यावं?

काळजीवाहकांकडे. मी नाशिकमध्येच असं गृह सांभाळतो, म्हणून इतकं ठामपणे सांगतो.

कागदपत्रांचं थोडक्यात. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याखाली संस्थेची नोंदणी लागते, ते तुम्हाला ठाऊक असेलच. अनेक घरांना माहीत नसतं ते हे, की वयाची 18 वर्षं पूर्ण झाल्यावर आईवडील आपोआप कायदेशीर पालक राहत नाहीत. 1999 च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडून पालकत्व घ्यावं लागतं. प्रवेशाच्या वेळीच विचारून घ्या. ऐन ऑपरेशनच्या वेळी सही कोणाची, यावर गाडी अडते.

आता मुख्य गोष्ट. शांत माणूस अचानक मारायला धावू लागला, डोकं आपटू लागला, तर लगेच गोळ्या वाढवून मागू नका. ज्याला बोलता येत नाही त्याचं दुखणं असंच बाहेर पडतं. दात, कान, बद्धकोष्ठता, लघवीची जळजळ आधी तपासा. डाउन सिंड्रोम असेल तर थायरॉइडही, आणि चाळिशीनंतर स्मृतिभ्रंशाची शक्यता लक्षात ठेवा. आमच्याकडे एक जण ताट समोर आलं की चिडायचा. जेवण वाढणाऱ्या मावशींनी सांगितलं, "भाकरी एकाच बाजूने चावतो." दाढ किडलेली निघाली. डॉक्टरांसमोर तो दहा मिनिटं असतो, मावशींसमोर दिवसभर.

हे ज्ञान पाळी बदलताना हरवतं. म्हणून दोन्ही पाळ्यांची माणसं पंधरा मिनिटं एकत्र थांबतील असं वेळापत्रक करा आणि त्या वेळेचेही पैसे द्या. कोण किती जेवलं, शौचाला झालं का, झोप लागली का, फिट आली का, अंगावर कुठे वळ आहे का, एकेकाचं नाव घेऊन बोललं गेलं पाहिजे. वळ दिसल्याचं सांगणाऱ्या माणसाच्या पाठीशी उघडपणे उभे राहा, नाहीतर पुढच्या वेळी कोणी सांगणार नाही.

रात्री एकच माणूस ठेवून पैसे वाचवू नका. एकाला फिट आली की बाकीच्यांकडे कोण बघणार? फिटमध्ये कुशीवर वळवायचं, घड्याळ बघायचं, तोंडात काही घालायचं नाही, चप्पल-कांदा हुंगवायचा नाही, पाच मिनिटांत थांबली नाही तर 108 ला फोन. हे नव्या माणसाकडून पहिल्याच दिवशी करून घ्या. 2027 च्या सिंहस्थात पर्वणीच्या दिवशी रस्ते बंद असतील, तेव्हा कुठल्या वाटेने कुठल्या दवाखान्यात जायचं हे आधीच ठरवा. फिटच्या गोळ्यांचा खंड पडू देऊ नका.

आणि ही मोठी माणसं आहेत. अंघोळीला दार लावलेलं हवं, बाईला बाईनेच मदत करावी, प्रत्येकाचं स्वतःचं कपाट असावं. दोडका आवडत नसेल तर नको म्हणता यावं. वाढदिवसाला केक घेऊन येणाऱ्यांना मी नम्रपणे सांगतो, या, गप्पा मारा, फोटो मात्र काढू नका. देणगीदार नाराज होतात, होऊ द्या.

दिवाळीच्या सुट्ट्यांची यादी दसऱ्याच्या आधीच लावा आणि बदलीची दोन माणसं वर्षभर पगारावर ठेवा. खर्चाच्या अंदाजपत्रकात हा आकडा सगळ्यात आधी लिहा.